नऊ नंबरच्या पिंपातला कडू बदाम

नाकरावांचं नाक गेलं ते एका साध्या सर्दीत. सर्दी आठ दिवसांत बरी झाली; वास मात्र तिच्याबरोबर गेला तो परत आला नाही. एखाद्या कारकुनाचं असं झालं असतं तर त्याच्या कचेरीत कोणाला पत्ताही लागला नसता. पण नाकराव एका वाइनरीत वाइन पारखायला होते. सव्वीस वर्षं रोज सकाळी तळघरात उतरायचं, चौदा लाकडी पिंपांतून एकेक घोट काढायचा, हुंगायचा, तोंडात घोळवून थुंकायचा आणि नोंदवहीत पिंपामागे एक ओळ लिहायची, एवढंच त्यांचं काम. नाकराव हे नावही मालकांनीच कौतुकानं ठेवलेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि या वयात दुसरीकडे कोणी नुसते डोळे-कान बघून कामावर घेणार नव्हतं.

तेव्हा झाकली मूठ ती झाकलीच ठेवायची असं त्यांनी ठरवलं. मालकांना सांगायचं नाही, बायकोलाही नाही. पहिला आठवडा त्यांनी वहीत ‘कालच्यासारखीच’ असं लिहून काढला. आठव्या दिवशी मालकांनी वही पुढे सरकवली आणि रोज कालच्यासारखीच असेल तर आज तुम्ही कशाला आलात, असं हसत विचारलं. नाकरावही हसले आणि घाईनं वही उचलून तळघरात उतरले.

त्यांना वाचवलं ते बायकोच्या पुस्तकांनी. तिला रहस्यकथांचा नाद होता, त्यातही एकाच मालिकेचा. एक विधवा बाई द्राक्षांचा मळा सांभाळते, वाइन करते आणि फावल्या वेळात खुनी पकडते. एकोणीस पुस्तकं, एकोणीस खून. एवढे खून होऊनही त्या मळ्यावर लोक हौसेनं सहलीला येत, याचं नाकरावांना फार नवल वाटे. बायको वाचायची ती खुनासाठी. वाइनचं वर्णन आलं की ती सरळ दोन पानं उलटायची. नाकरावांना खुनाचं वावडं. त्यांनी ती गाळलेली दोन पानंच तेवढी वाचायला घेतली. एका पुस्तकात दोघांचा संसार असा न भांडता चालला.

दुसऱ्या दिवशी वहीत उतरलं, ‘ओल्या पाटीचा वास, मागून जांभूळ, शेवटी जुन्या चामड्याची आठवण.’ मालकांनी ते तीनदा वाचलं. सव्वीस वर्षं त्यांना ‘बरी आहे, अजून महिनाभर राहू द्या’ एवढंच वाचायची सवय होती. तुमचं नाक म्हातारपणी रंगात आलंय, असं म्हणून त्यांनी त्या ओळी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर छापायला दिल्या.

पिंपं धुणाऱ्या मावशींनी त्याच सुमारास एकदा नाकरावांना हटकलं होतं. हातात ब्रश घेऊन त्या नऊ नंबरच्या पिंपापाशी उभ्या होत्या.

“साहेब, याला कुबट वास मारतोय. ओलं पोतं कोंडून ठेवल्यासारखा.”

“मावशी, तुम्ही पिंपं धुवा. वासाचं मी बघतो.”

मावशींनी पिंपं धुतली. घरीही कुठे कमी-जास्त झालंच नाही असं नाही. एके दिवशी भाजी जरा कडवट लागली, पण हल्ली त्यांना सगळंच बेचव किंवा कडवट लागायचं. बायकोनं कशी झालीय विचारलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी छान झालीय म्हटलं. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग ताटं उचलून गेली.

मग मालकांच्या डोक्यात आलं की एवढं सुंदर लिहिणारा माणूस तळघरात कोंडून काय उपयोग. त्यांनी एक वाचनमंडळ वाइन चाखायला बोलावलं. बारा बायका आल्या. त्या सगळ्या रहस्यकथाच वाचत, आणि बारावी नाकरावांची बायको होती. नाकरावांनी रात्रभर, म्हणजे झोप येईपर्यंत, चौदावं पुस्तक चाळून प्रत्येक पिंपासाठी एकेक वर्णन पाठ केलं होतं.

आठ पिंपांपर्यंत सगळं झकास झालं. बायका माना डोलवत होत्या. नवव्या पिंपाचा ग्लास नाकाशी नेताच दोघींनी नाकं मुरडली, पण बाकीच्या मुरडत नाहीत हे पाहून पुन्हा सरळ केली. एकीनं तर यात खोल तळघराची शांतता आहे असं सांगून घोटही घेतला. नाकरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले,

“आधी चेरी. मग कडू बदामाचा अगदी बारीक वास, कोणीतरी कानात गुपित सांगून गेल्यासारखा.”

बारा ग्लास एकदम टेबलावर आले. नाकरावांनी ते वर्णन वाचून पुस्तक मिटलं होतं. पान उलटलं असतं तर त्यांना कळलं असतं की त्या गोष्टीतला औषधवाला तोच घोट घेऊन जागीच मरतो, कारण वाइनमध्ये विष असतं आणि कडू बदामाचा वास ही त्याचीच खूण. हे तिथल्या बाराजणींना तोंडपाठ होतं.

“आणि विष घालतो कोण,” एक आजीबाई शांतपणे म्हणाल्या, “तर तिथला वाइन पारखणाराच.”

घोट घेतलेलीला घाम फुटला. तिला खुर्चीवर बसवलं, वारा घातला, डॉक्टर बोलावले. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण सावध राहा म्हणाले, आणि तेवढ्यानं सगळ्याच सावध झाल्या. मालकांनी त्याच पिंपातला एक ग्लास दुपारी जेवताना रिकामा केला होता. ते भिंतीला टेकून उभे राहिले. नाकरावांनी बायकोकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

वाइनचा नमुना तपासायला गेला आणि तळघराला कुलूप लागलं. अहवाल येईपर्यंत नाकराव घरी बसले. ते दिवस वाईट गेले. शेजारी बोलेनासे झाले, आणि कोणी बोललंच तर ते नाकाबद्दल विचारणार या धास्तीनं नाकरावच खिडक्या लावून घेत.

सहाव्या दिवशी अहवाल आला. विष नव्हतं. पण नऊ नंबरच्या पिंपाला आतून बुरशी लागलेली होती आणि वाइन विकण्यासारखी राहिली नव्हती. नाकराव मालकांसमोर उभे राहिले आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सर्दी, वही, पुस्तकं, सगळं. मालकांनी टेबलावरचं बूच उचलून नाकाशी धरलं आणि परत ठेवलं.

“माझं नाक तर लहानपणापासून नावालाच आहे,” ते म्हणाले. “वडिलांचा धंदा अंगावर पडला, म्हणून तुम्हाला ठेवलं. निदान मला तरी सांगायचं होतं हो.”

मावशींना बोलावलं. त्यांनी चौदा पिंपांवरून एक फेरी मारली आणि नोंदवही हातात घेतली. ‘नऊ कुबट. बारा होण्याच्या बेतात. बाकी बऱ्या.’ एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. मालकांनी नाकरावांना काढलं नाही. मावशींचा ब्रश रिकामा झाला होता, तो नाकरावांकडे आला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा हातांची सालं निघाली होती. बायको जेवायला वाढत होती. ते ताटावर बसले आणि घास न उचलताच म्हणाले,

“मला वास येत नाही. सात आठवडे झाले.”

“माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

“दूध उतू जाऊन जळत होतं आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. मग खात्री करायला दुसऱ्या दिवशी भाजी मुद्दाम करपवली. तुम्ही छान झालीय म्हणालात.”

एवढं कळलं होतं तर विचारलं का नाहीस, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते,” ती म्हणाली. “एकोणीस पुस्तकं वाचली हो, पण घरच्या माणसाची उलटतपासणी नाही करवली.”

त्यांना फार वाईट वाटलं. नोकरी जाईल म्हणून सात आठवडे भीत होते, आणि इथे कोणीतरी इतके दिवस नुसती वाट बघत बसलं होतं. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. बायको समोर बसून बघत होती.

“कशी झालीय?”

“कळत नाही गं.” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या प्रश्नाला खरं उत्तर दिलं.

“बरं झालं,” तिनं डोळे पुसले आणि आपलं ताट पुढे ओढलं. “आज भाजी खरंच करपलीय. बोलण्याच्या नादात माझं लक्ष नव्हतं.”