मोरांच्या मधोमध मान

शिंक आली नसती तर काहीच झालं नसतं, असं नंदकिशोर टिपणीस पुढे बरेच दिवस सांगत होते. आणि ते खरंही होतं. मुलुंडच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दुपारच्या चहाच्या आधी, ते खिडकीपाशी उभे होते. आठ महिने खपून कापलेली लाकडी जाळी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरून ते ती खालून उजेडात पाहत होते. जाळी खिडकीच्या झडपेएवढी मोठी. समोरासमोर दोन मोर, त्यांच्या पिसाऱ्यांतून वळत गेलेल्या वेली, आणि मधोमध घड्याळ बसवायला एक गोल भोक. भोकाच्या आतल्या कडेला कुठे कुसळं राहिली आहेत का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

कुसळं नव्हती, भुसा होता. तो नाकात गेला, शिंक आली, हात सैलावले आणि जाळी कपाळावरून, नाकावरून, कानांवरून सरकत थेट खांद्यांवर येऊन टेकली.

"अरेच्चा," नंदकिशोर म्हणाले.

त्यांनी जाळी वर उचलून पाहिली. खाली येताना गुमान मागे मिटलेले कान आता वर जाताना आडवे आले. जरा जोर लावला तर डोळ्यांत पाणी आलं. बैठकीच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. डावीकडे एक मोर, उजवीकडे एक मोर आणि मधे घड्याळाच्या जागी अडुसष्ट वर्षांचा एक घाबरलेला चेहरा.

क्षमाताई भाजी घेऊन आल्या, त्या दारातच थबकल्या.

"अहो, हे काय घातलंय?"

"घातलं नाही. पडलं."

"मग काढा की!"

"निघत असतं तर असा उभा राहिलो असतो का?"

क्षमाताईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हसायला लागल्या. मग नवऱ्याचे लालभडक कान पाहून गप्प झाल्या. मग पुन्हा हसायला लागल्या. या घरात लाकडाने केलेले नाना प्रकार त्यांनी पाहिले होते, पण लाकडाने माणूस धरल्याची ही पहिलीच वेळ होती.

लाकडात जाळीची नक्षी कापायचं, म्हणजे फ्रेटवर्कचं, हे वेड टिपणिसांच्या घरात वडिलांपासूनचं. शरच्चंद्र टिपणीस रेल्वेत कारकून होते, पण संध्याकाळी घरी आले की शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि करवत हातात घ्यायचे. केसाएवढं बारीक पातं, धनुष्यासारखी वाकलेली चौकट आणि प्लायवर चिकटवलेलं चित्र. टिपणिसांच्या घरात सरळ फळी म्हणून टिकत नसे. देव्हाऱ्याला जाळी, फोटोंना जाळी, रेडिओला जाळी. एकदा पोळपाटाच्या कडेलाही नक्षी झाली, तेव्हा मात्र आईने करवत माळ्यावर टाकली आणि आठवडाभर कुणाला उतरवू दिली नाही.

नंदकिशोर आणि देवव्रत हे दोघे मुलगे त्या भुशातच वाढले. मोठी जाळी असली की वडील चित्राच्या मधोमध रेघ मारायचे. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. दोघे समोरासमोर मांडी घालून बसायचे आणि आपापल्या कडेकडून कापत मधे यायचे. दोन करवतींचा खसखस आवाज एका लयीत लागला की वडील डोळे मिटून ऐकत बसत. ती लय नंदकिशोरांच्या कानांत अजून होती. एकट्याने कापताना ते कधीकधी मधेच थांबायचे आणि समोरून दुसरा आवाज येईल म्हणून वाट बघायचे. आवाज येत नसे. सहा वर्षं झाली, देवव्रतशी बोलणंच नव्हतं.

कारण ऐकलं तर कुणीही हसेल. देवव्रतने घाटकोपरला लेझरवर नक्षी कापायचं मशीन घेतलं. एका चुलतबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, नंदकिशोर म्हणाले, "हे फ्रेटवर्क नाही रे, ही झेरॉक्स आहे." देवव्रत पानावरून न उठता म्हणाला, "आणि तुझे मोर? कोंबड्या वाटतात कोंबड्या." अर्धी पंगत हसली. जिलबी वाढायच्या आत दोन्ही भाऊ वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले होते.

तर आता त्या मोरांनीच नंदकिशोरांची मान धरली होती. त्यांना सोफ्यावर टेकता येईना, कारण जाळी भिंतीला अडे. दारातून जायचं तर खेकड्यासारखं आडवं जावं लागे. क्षमाताईंनी पाणी दिलं तर पेला तोंडाशी पोचेना. शेवटी नारळपाण्याची एक जुनी नळी सापडली, तिने त्यांनी पाणी ओढलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि समोरचे चंद्रप्रकाश परब आत आले. मूळ मालवणचे, गिरणीतून निवृत्त झालेले. घरात आवाज झाला की परब आलेच.

"नंदूभाव! ह्यां काय करून घेतलास?"

"परब, हसू नका."

"हसतंय खंय? वयनी, खोबरेल हाडा आधी."

खोबरेल आलं. कानांना, मानेला, टकलाला लावून झालं. परबांनी जाळी वर ओढली, क्षमाताईंनी नवऱ्याला खाली ओढलं. जाळी जिथल्या तिथे राहिली आणि नंदकिशोर मात्र आणखी लाल झाले.

"आता कापूक व्हया," परब म्हणाले. "माझ्याकडे लोखंड कापूचो हॅक्सॉ आसा. दोन मिंटाचा काम. सांगलास तर फायर ब्रिगेडलाय फोन करतंय, तेंच्याकडे मोठो कटर असता."

"खबरदार!" नंदकिशोर ओरडले. हातांनी त्यांनी दोन्ही मोरांना कवटाळलं. "आठ महिने घालवलेत मी. हॅक्सॉ लावलात तर चिरफाळ्या होतील नुसत्या."

"अरे पण रात्री निजतलास कसो?"

"उभ्याने झोपेन!"

क्षमाताईंनी खोबरेलाची बाटली बंद केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बारीक करवतीने, न चिरता, मानेला न लागता कापू शकेल असं कोण आहे, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

"त्याला नको."

"मग परबभाऊ, आणा तुमचा हॅक्सॉ."

नंदकिशोर खिडकीबाहेर पाहू लागले. क्षमाताईंनी ते होकारात धरलं, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण नवऱ्याच्या कानाशी फोन पोचणं शक्य नव्हतं.

"भाऊजी, मी क्षमा बोलतेय."

पलीकडून घाबरा आवाज आला, "वहिनी? काय झालं? दादा बरा आहे ना?"

दादा. सहा वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. क्षमाताईंनी सगळं सांगितलं. पलीकडून नाकात अडकल्यासारखा आवाज आला. हसू दाबतोय हे नंदकिशोरांना इथून कळलं. लहानपणी वडिलांसमोर तो असाच हसू दाबायचा, नाक धरून.

"त्याला सांगा, हलू नको म्हणावं," देवव्रत म्हणाला. "हाताची करवत शोधतो आणि निघतो."

फोन बंद झाला. नंदकिशोर खिडकीपाशी स्टुलावर ताठ बसले. घाटकोपरहून रिक्षाने म्हणजे आता कांजूरमार्ग, मग भांडुप, असा मनातल्या मनात ते रस्ता मोजू लागले. आल्यावर काय बोलायचं? 'ये' म्हणायचं की 'आलास?' 'आलास' टोचून बोलल्यासारखं वाटेल. कांदेपोहे करायला सांगावेत का? त्याला वर भरपूर खोबरं लागायचं. पण सांगितलं तर क्षमा गालातल्या गालात हसेल.

परब मात्र स्वस्थ बसणारा माणूस नव्हता. घरी जाऊन ते मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघून परत आले आणि भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी मागू लागले.

"परब, राहू द्या आता. भाऊ येतोय माझा."

"अरे, एक डाव बघूया तर."

त्यांनी पिशवी फाडली, दोन्ही कानांवर घट्ट लपेटली आणि कडा जाळीतून खाली ओढून घेतल्या. क्षमाताईंनी धरलं, परबांनी हलकेच फिरवत जाळी वर उचलली, आणि सटकन आवाज होऊन मान मोकळी झाली!

"झकास!" परब नाचायचे बाकी होते. "बघितलास? एक टवकोसुद्धा उडाक नाय!"

क्षमाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि "दूध उतू जातंय वाटतं," म्हणत फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. परब ही बातमी जिन्याजिन्यावर पोचवायला धावले. बैठकीत नंदकिशोर एकटेच राहिले. मान चोळत, मांडीवर जाळी घेऊन.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. जाळी शाबूत होती. मोर शाबूत होते. पण आता देवव्रत येईल, दारात उभा राहील, 'निघालं ना? बरं झालं,' म्हणेल आणि चप्पल न काढता परत जाईल. सहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला आत बोलवायला काहीतरी अडलेलं असावं लागतं. नुसतं 'ये' म्हणायची सवय दोघांचीही गेली होती.

खाली रिक्षा थांबली. नंदकिशोर खिडकीतून वाकले. देवव्रत उतरत होता. केस पांढरे झाले होते. केव्हा झाले? खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यातून करवतीची वाकडी चौकट डोकावत होती.

नंदकिशोरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग डोळे मिटले, कान मागे दाबले आणि जाळी पुन्हा डोक्यात घातली.

क्षमाताई बाहेर आल्या त्या बघतच राहिल्या. "अहो! आत्ताच तर..."

नंदकिशोरांनी डोळ्यांनीच गप्प राहायची खूण केली. बेल वाजली.

देवव्रत आत आला. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत उभे राहिले. 'ये' नाही, 'आलास' नाही.

"बस," देवव्रत म्हणाला. "खुर्चीवर. कान केवढे माखलेत तेलाने!"

"परब."

"हं."

तो अगदी जवळ येऊन बसला. इतका जवळ की नंदकिशोरांना त्याच्या शर्टाचा जळक्या लाकडाचा वास आला. चष्मा वर करून त्याने जाळी न्याहाळली. वेलीवरून बोट फिरवलं.

"उजवी बाजू कुणी कापलीय?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"वेल अडखळलीय. उजवीकडे वळताना तू घाई करतोस. बाबा नेहमी सांगायचे."

"आणि मोर?" नंदकिशोरांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

देवव्रतने डाव्या मोराकडे वाकून पाहिलं. "डावा मोर झकास आलाय," तो म्हणाला. "खरंच."

मग पिशवीतून करवत काढून त्याने पातं ताणून बसवलं. "कुठून कापू?"

परबांच्या हॅक्सॉला नाही म्हणून उभ्याने झोपायला निघालेले नंदकिशोर म्हणाले, "तुला हवं तिथून काप."

पहिलं पातं टिक करून तुटलं. देवव्रत ओशाळला. "हात राहिला नाही रे. करवत माळ्यावरून काढताना बायको म्हणाली, हे काय नवीन? आता हिला काय सांगू?"

"लेझर आहे की तुझा."

"लेझरचा आवाज येत नाही दादा. नुसता धूर. दुकानात दिवसभर बसतो ना, तर मधेच वाटतं, समोर कुणीतरी कापतंय." त्याने दुसरं पातं लावलं. "हलू नको."

खसखस, खसखस. आवाज थेट नंदकिशोरांच्या हनुवटीखालून येत होता. त्यांनी डोळे मिटले. क्षमाताई पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि टीपॉयवर ठेवून गेल्या. वर खोबरं भरपूर होतं. दोघांपैकी कुणालाही घाई नव्हती. परबांनी दोन मिनिटांचं म्हटलेलं काम संध्याकाळपर्यंत चाललं. मधे वडिलांचा विषय निघाला, मग पोळपाटाचा, मग त्या पंगतीतल्या जिलबीचा, जी दोघांनाही मिळाली नव्हती.

शेवटी उजव्या मोराची मान सुटून देवव्रतच्या हातात आली आणि दादाची मान मोकळी झाली.

"ही बाजू आता पूर्ण नवी करावी लागेल," देवव्रत तुकडा उलटसुलट करत म्हणाला. "रविवारी येतो. लाकूड तू आणून ठेव. आणि पातळ नको आणू."

"मला शिकवू नकोस."

नंदकिशोर त्याला सोडायला लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट वरच्या कुठल्यातरी मजल्यावर अडकली होती. दोघे बंद दाराकडे बघत उभे राहिले.

"भांडुपला पोचलो होतो," देवव्रत एकदम म्हणाला. "तेव्हा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, निघालं, आता येऊ नका उगीच."

नंदकिशोरांचे कान पुन्हा तापले. "मग आलास कशाला?"

"मग तू परत घातलंस कशाला?"

लिफ्ट आली. दार उघडलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि रिकामीच खाली गेली.