दोन काटे, दोन माणसं

आमच्या शेजारच्या कुमुदबेन दर रविवारी ओहमचा नियम तपासून बघतात. डहाणूच्या शाळेत उभा जन्म फिजिक्स शिकवलं, पण नियमावर अजून पुरता विश्वास नाही. "पुस्तकात आहे, कबूल. आज आपल्या घरात आहे का?" असं म्हणून चहाचे कप बाजूला सारायचे आणि बॅटरी, वायरी, मीटर मांडायचे.

त्यांचा एकच प्रश्न: "मोजलं की मानलं?" विवळवेढ्याच्या जत्रेत पाळणेवाला म्हणाला, "मजबूत आहे, बसा." बेननी विचारलं, "मोजलं की मानलं?" तो बिचारा आपल्याच पाळण्याकडे संशयाने बघायला लागला.

प्रयोगाचा कायदा कडक. व्होल्टेज एकाने वाचायचं, करंट दुसऱ्याने. एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. "कळला की माणूस मनातच व्होल्टला तारेच्या ओहमने भागून करंट सांगतो. मग तारेला विचारतो कोण?" म्हणून टेबलावरचा व्होल्टमीटर बेनकडे, आणि त्यांच्याकडे पाठ करून, स्टुलावरच्या अॅमीटरपुढे खुर्चीत त्यांचे यजमान अरविंदभाई. बेन वीज कमीजास्त करणारा रिओस्टॅट सरकवून म्हणणार, "हं, बोला!" की तिकडून आकडा.

नवी नवरी होऊन आले तेव्हा हे बघून मी तोंडात पदर कोंबून हसले होते. नवराबायको, आणि पाठीला पाठ? माझं प्रेमाचं ज्ञान तेव्हा फार वरच्या दर्जाचं! मावळतीला हातात हात घालून फिरायचं म्हणून आमच्या ह्यांना समुद्रावर नेलं, तर ह्यांनी कोळणीशी घासाघीस करून सुके बोंबील घेतले आणि पिशवी माझ्याच हातात दिली. मी आठवडाभर अबोला धरला. बोंबील मात्र खाल्ले. आता नातवंडं झाली, तरी आठवलं की माझी मलाच कीव येते.

हल्ली अरविंदभाईंची नजर जातेय. डोळ्याच्या पडद्याचा आजार, डॉक्टरांनीही हात टेकले. पेपर सुटला, पत्ते सुटले. "काटा मात्र स्वच्छ दिसतो हं!" असं ते न विचारताच सांगतात. ती खुर्चीही सुटली तर माणूस खोलीबाहेर यायचा नाही, हे बेन ओळखून आहेत.

परवाच्या रविवारी लोणचं द्यायला गेले, तर प्रयोग चालू. अॅमीटर फिरून त्याचं तोंड माझ्याकडे झालेलं, आणि अरविंदभाई त्याच्या पाठीकडे टक लावून बसलेले.

"अहो भाई, तुमचा मीटर..." मी सुरुवात केली. बेननी वळून ओठांवर बोट ठेवलं.

"तार पाच ओहमचीच, नेहमीची," त्या हवेला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "इकडे दोन व्होल्ट आले. हं, बोला!"

अरविंदभाई ओठातल्या ओठात पुटपुटले. "पॉइंट चार."

माझ्यासमोरचा काटा त्याच्या जरा अलीकडेच होता. बेननी पॉइंट चार लिहिलं.

मग रिओस्टॅट हळूहळू सरकवला, भागायला सोपा आकडा येईपर्यंत. "अडीच आले हं," त्या म्हणाल्या. "सावकाश बोला."