उजवीकडचा रकाना

गाद्या बनवणाऱ्या कंपनीचा मासिक विपणन अहवाल चोवीस स्लाइडचा असे, आणि त्यांतल्या वीसेक स्लाइडवर दर महिन्याला महिन्याच्या नावाखेरीज काहीही बदलत नसे. हे काम नऊ वर्षं एकाच बाईंकडे होतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. ऑफिसात सगळे त्यांना अहवालताई म्हणत.

ताईंची पद्धत सरळ होती. एक लांबलचक तक्ता. डावीकडे स्लाइडचा क्रमांक, पुढे दर महिन्याचा एकेक रकाना. नव्या महिन्याची वाक्यं नव्या रकान्यात लिहायची आणि एकेक उचलून स्लाइडवर चिकटवायची. यात दोन दिवस जात, आणि तरी कुठेतरी मागचा महिना राहून जाई.

तो सापडे बाबांना. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नव्हतं, म्हणून ताई अहवालाआधीच्या रविवारी तक्ता घरच्या कॉम्प्युटरवर उघडून देत. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून एका बोटाने शेरे टाइप करत. समोर आई शब्दकोडं सोडवत बसलेली असे. शेऱ्यांचा रकाना तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला होता. बाबांनी जन्मात कुणाला दुखावलं नव्हतं, पण शेरे मात्र झणझणीत असत. प्रत्येकाची सुरुवात ‘कृपया’ने होई, एवढाच काय तो गारवा. ताई शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करत आणि बाकीचं हसून सोडून देत.

चार महिन्यांपूर्वी बाबांनी शेवटचे शेरे लिहिले. ते ताईंनी वाचले नाहीत; त्याच आठवड्यात बाबा गेले. नंतर तो रकाना पुसायला हात होईना आणि वाचायलाही होईना. ताईंनी मधला मार्ग काढला. त्यावर टिचकी मारून ‘लपवा’ केलं. नवे महिने त्याच्या अलीकडे भरत गेले.

मग एके दिवशी विभागप्रमुख म्हणाले, “ताई, सोमवारी मोठे साहेब ठरवणार आहेत, अहवाल बाहेरच्या एजन्सीला द्यायचा का ते.”

“मग मी काय करायचं?”

“तोच प्रश्न तेही विचारतील. म्हणून म्हणतो, आपण हे आपोआप करू. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत. मग एजन्सी हवी कशाला?”

दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत झाल्यावर ताई हव्यात कशाला, हे प्रमुखांना सुचलं नाही, आणि ताईंनी सुचवलं नाही.

कॉम्प्युटर विभागातल्या चष्मेवाल्याने प्रोग्राम लिहिला. “ताई, नवा महिना कुठे येतो?”

“उजवीकडे.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“झालं तर. प्रत्येक ओळीत सगळ्यात उजवीकडचा भरलेला रकाना उचलायचा आणि स्लाइडवर टाकायचा. तुम्ही नुसतं बटण दाबा.”

ताईंनी सोमवारी सकाळी बटण दाबलं. पहिल्या तीन स्लाइड बघितल्या. चोख होत्या. चौथी उघडणार तोच प्रमुख आले. “तपासताय? अहो, तपासायचंच असेल तर प्रोग्राम कशाला केला?” आणि त्यांनी फाइल उचलून थेट साहेबांकडे पाठवली.

लपवलेला रकाना माणसाला दिसत नाही. प्रोग्रामला तशी लाज नसते.

बैठकीत तीन स्लाइड सुखरूप गेल्या. चौथीवर विक्रीचा आलेख होता आणि वर ‘समाधानकारक वाढ’ असं असायला हवं होतं. त्या जागी ठळक अक्षरांत होतं: ‘कृपया आलेख शून्यापासून सुरू करावा. टेकडीला डोंगर म्हणून उभं करू नये.’

साहेबांनी चष्मा पुसला. “आलेख कुठून सुरू होतो आपला?”

“अ... नव्वदपासून, साहेब,” प्रमुख म्हणाले.

“पुढे चला.”

सातव्या स्लाइडवर: ‘कृपया ग्राहकांचा प्रतिसाद दर महिन्याला उत्साहवर्धक लिहू नये. दोन वर्षं नुसता वाढतोय, तर एव्हाना उतू जायला हवा होता.’

 वाक्यं कुणाची ते ताईंना पहिल्या ‘कृपया’लाच कळलं होतं. चार महिन्यांपूर्वीचे शेरे या महिन्याच्या अहवालावर तंतोतंत बसत होते, हे त्याहून भयंकर होतं. त्या उठून पडदा बंद करणार होत्या. पण पुढे काय लिहिलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या बसूनच राहिल्या.

अकराव्यावर गादीवर पहुडलेलं हसरं जोडपं होतं. ‘कृपया फोटो बदलावा. खरोखर झोप लागलेला माणूस दात दाखवत नाही.’

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. प्रमुखांनी तिकडे पाहिलं. तो चष्मेवाला होता, आणि त्याचं हसू प्रमुखांच्या नजरेने नव्हे, स्वतःच्या प्रोग्रामच्या आठवणीने थिजलं.

सोळाव्यावर: ‘कृपया कंबरदुखीच्या तक्रारी तळाशी बारीक अक्षरात देऊ नयेत. ज्याची कंबर दुखते, त्याला वाचायला वाकावं लागतं. हा खोटेपणाच आहे.’

आता कुणीच हसलं नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले आणि तळाची बारीक अक्षरं वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा हात कमरेवर गेला. साहेबांच्या घरी कंपनीचीच गादी होती.

चोविसावी स्लाइड ‘धन्यवाद’ची. तिच्यावर लिहिलं होतं: ‘कृपया जेवून घे. हे उद्या केलं तरी चालेल.’

 साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“दीड वाजला. बरोबर आहे,” ते म्हणाले. “हे कुणी लिहिलं?”

प्रमुखांनी ताईंकडे बोट दाखवायला हात उचलला होता. साहेबांच्या आवाजाचा अंदाज घेऊन तो त्यांनी स्वतःच्या छातीवर नेला. “आपले एक सल्लागार आहेत, साहेब. आम्हीच...”

“ताई, कोण आहेत हे?”

“ते... बाहेरचे आहेत, साहेब.”

“बाहेरचेच हवेत. एजन्सीबिजन्सी काही नको. दर महिन्याला अहवाल यांना दाखवा आणि असाच आणा. मूळ मजकूर मला तोंडपाठ आहे. आणि प्रोग्रामला हात लावू नका.”

ताईंची नोकरी अशी वाचली. फक्त ती आता अशा माणसाच्या शेऱ्यांवर उभी होती, जो पुढचे शेरे लिहिणार नव्हता.

पुढच्या अहवालाआधीच्या रविवारी ताईंनी बाबांच्या रकान्याच्या उजवीकडे नवा रकाना उघडला आणि स्वतःच लिहायला बसल्या. तासाभराने एक ओळ झाली. शब्दकोड्यातून मान वर न करता आई म्हणाली, “वाच बघू.”

“कृपया आलेखातील वाढ अधिक वास्तववादी पद्धतीने मांडण्याचा विचार व्हावा.”

“हे कोण म्हणतंय?”

“बाबा. म्हणजे, बाबांसारखं.”

“काहीतरीच. लिही, गेल्या खेपेला डोंगराची टेकडी करायला सांगितलं, तर यांनी टेकडीला झाडं लावली.”

ताईंची बोटं थांबली. “आई, ते शेरे तू सांगायचीस?”

“मग काय ते? दुधात निम्मं पाणी असलं तरी दूधवाल्याला ‘आज जरा पातळ वाटतं का हो’ म्हणायचा माणूस तो. कुणाच्या कामाला खोटेपणा म्हणणार होता? मी बोलायची, ते टाइप करायचे.”

“सगळं?”

“‘कृपया’ त्यांचं. मी म्हणायची, कशाला ते? तर म्हणायचे, असू दे, पोरीला लागेल.”

ताईंनी आपली ओळ खोडली. मग आई बोलत गेली आणि त्या टाइप करत गेल्या. तेविसाव्यापर्यंत आईने एकही स्लाइड सोडली नाही. प्रत्येक ओळीच्या आधी ताई न सांगता एक शब्द घालत होत्या, आणि आई ते पाहून न पाहिल्यासारखं करत होती.

“आणि चोविसावी?” ताईंनी विचारलं.

“तिथे मी कधी काही सांगितलं नाही. धन्यवादावर काय बोलायचं?” आईने कोड्यातलं एक घर भरलं. “का, काय होतं तिथे?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या, आणि ती जागा रिकामी सोडली.

सोमवारी त्यांनी बटण दाबलं. चोविसाव्या ओळीत नवं काही नव्हतं, म्हणून प्रोग्रामने नियमाप्रमाणे त्यातल्या त्यात उजवीकडचा भरलेला रकाना उचलला. तेव्हापासून कंपनीची मासिक बैठक दीडच्या पुढे कधी गेलेली नाही.