साळवेकाकांची जखम

साळवेकाका पानिपतच्या लढाईत जखमी झाले होते, असं आमच्या अदितीला दुसरीत जाईपर्यंत खरोखर वाटत होतं. तिचा दोष नाही. दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस संक्रांतीच्या सुमाराला पानिपतजवळच्या काला अंबला गेली होती, तेव्हा स्मारकापुढे पोरं गोळा करून त्यांनीच तसं सांगितलं होतं. गळ्याखालच्या जाड, तांबूस, चकचकीत व्रणाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याचं असं झालं, त्या धुमश्चक्रीत भाला कुणी मारला तेच कळलं नाही."

एका चौकस पोरानं विचारलं, "पण काका, त्या लढाईला तर दोनशेच्या वर वर्षं झाली."

"म्हणून तर भरून आलीय ना जखम," साळवे म्हणाले.

सॅम्युअल साळवे मूळचे नगरचे. माझ्या यजमानांच्याच ऑफिसात होते आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या समोरच्या दारात राहायचे. एकटेच. रविवारी चर्चमधून आले की स्वतःचं कुलूप उघडायच्या आधी आमची बेल वाजवायचे. "वहिनी, वास तर बिल्कुल थालीपिठाचा येतोय," असं म्हणत आत. वास फोडणीच्या भाताचा असला तरी हेच वाक्य. मग भात खाऊन जायचे.

त्यांच्या कॉलरमधून त्या व्रणाचं एक टोक नेहमी डोकावायचं. ते दिसलं की माणूस विचारायचाच, आणि विचारलं की साळवे खुलायचे. गोष्ट मात्र माणूस बघून सांगायचे. डीटीसी बसच्या कंडक्टरला "हार्ट का ऑपरेशन है भाई" सांगून बसायला जागा मिळवायचे. ऑफिसात नव्यानं आलेल्या अंडर सेक्रेटरींना त्यांनी सांगितलं, की फायलींचं कपाट अंगावर पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कपाट खरोखरच तिथून हलवलं गेलं. सगळ्या सेक्शनला त्यामुळे खिडकीचा उजेड मिळाला.

फसले ते एकदाच. खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहायला आले. थंडीत लॉनवर शेंगा खात बसलेले असताना त्यांनी विचारलं, तर साळवे म्हणाले, "पैंसठ की लड़ाई." सुभेदारसाहेबांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि आदरानं विचारलं, "कौनसी रेजिमेंट?" त्यानंतर बरेच दिवस साळवे ऑफिसला मागच्या फाटकातून जात.

"कशाला हो भाऊजी एवढ्या थापा?" मी एकदा म्हटलं.

"वहिनी, लोकांना ऐकायचं असतं तेच मी सांगतो. खरं सांगून कुणाचं भलं झालंय?"

मग खरं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. दिल्लीच्या जूनमध्ये अख्खी कॉलनी बनियनवर वावरायची, साळवे तेवढे गळ्यापर्यंत बटणं लावून कूलरपुढे बसायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती.

अदिती नववीत गेली आणि मैत्रिणींबरोबर सरोजिनी नगरला जाऊन कानाच्या पाळीला दुसरं भोक पाडून आली. मी रागावले, पण फार नाही. बाराव्या दिवशी सोनारानं टोचलं होतं तेव्हा काही झालं नव्हतं, तर आता काय होणार. भोक भरून आलं. पुढे काही महिन्यांनी तिथे मसुरीच्या डाळीएवढी गाठ दिसायला लागली. तिची वाटाण्याएवढी झाली, मग पाळीच्या मागच्या बाजूला चांगली जांभळाएवढी. तांबूस, टणक आणि गुळगुळीत. अदिती ती सारखी चोळायची.

शाळेत दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या होत्या. वेण्या घातल्या की कान उघडा पडायचा. वर्गातल्या कुणीतरी तिला "तीन कानवाली" म्हटलं. सोमवारी पोटात दुखायला लागलं, मंगळवारी डोकं. मी हळद लावून पाहिली, तुरटी लावून पाहिली. शेजारच्या पंजाबी बाईंनी ठेचलेला लसूण लावायला सांगितला, त्यानं कातडी भाजून निघाली आणि गाठ जिथल्या तिथेच. शेवटी मार्केटमधल्या एका डॉक्टरनं बघितलं. "छोटी सी चीज़ है. दस मिनट में काट देंगे. शनिवार को ले आइए." आम्हाला हायसं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी साळवे आमचा डबा परत द्यायला आले. मी सहज सांगितलं, "उद्या अदितीच्या कानाची गाठ कापून घ्यायचीय."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. बसले नाहीत.

"वहिनी, कापू नका."

"अहो, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाले डॉक्टर."

"मलाही तेच म्हणाले होते."

अदिती आतल्या खोलीत होती. कुणी आलं की ती बाहेर येणं तिनं सोडलं होतं. साळवे त्या खोलीच्या पडद्याशी जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघूनच बोलले.

"अदिती, मी पानिपतला नव्हतो गं."

"माहितेय काका," आतून आवाज आला.

"पासष्टच्या लढाईतही नव्हतो."

"ते पण माहितेय."

"हा मुरूम होता."

मग अदितीनं विचारलं, "मुरूम म्हणजे?"

"पिंपल."

पडदा बाजूला झाला. "बस? पिंपल?"

"बस. पिंपल."

साळव्यांनी स्वतःहून शर्टाची वरची बटणं काढली. इतकी वर्षं शेजारी राहून मीही त्या व्रणाचं फक्त टोक पाहिलं होतं. छातीच्या मधोमध, उताणा खेकडा ठेवावा तसा तो पसरला होता.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यात भाला नव्हता की कपाट नव्हतं. नगरला कॉलेजात असताना छातीवर एक मुरूम आला. त्यांनी तो नखानं फोडला. मुरूम बरा झाला, पण त्याच्यावरची कातडी वाढतच राहिली. चिंचोक्याएवढी झाली तेव्हा गावातल्या डॉक्टरनं कापून काढली आणि टाके घातले. टाके छान भरले. आणि मग कापल्याच्या रेषेवर ती पुन्हा उगवली, आधीपेक्षा मोठी. टाक्याची सुई जिथून जिथून गेली होती, तिथे तिथे तिला पाय फुटले.

"मी आधी सगळ्यांना खरंच सांगायचो," ते म्हणाले. "लग्नाचं चाललं होतं तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं. मी म्हटलं, मुरूम होता. ते म्हणाले, मुरूम असा असतो होय? हा महारोग तर नाही? तिथून उठून आलो. परत येताना एस्टीत शेजारच्यानं विचारलं, त्याला सांगितलं बैलानं शिंग मारलं. त्यानं मला चहा पाजला."

अदिती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच. साळवेही हसले, पण बटणं लावून घेतली.

शनिवारी आम्ही मार्केटमधल्या डॉक्टरकडे गेलो नाही. साळव्यांनी रजा टाकली आणि सोमवारी अदितीला नि मला सरकारी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात घेऊन गेले. तिथली डॉक्टर तरुण होती, झटपट बोलणारी. तिनं पाळी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "केलॉइड है." मग अदितीकडे बघून सांगितलं, "देखो बेटा, तुम्हारा घाव तो कब का भर गया. पर खाल को किसी ने बताया नहीं कि अब बस करो."

हा कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही, असं तिनं माझ्याकडे बघून सांगितलं. काहींच्या कातडीची ठेवणच अशी असते, पुष्कळदा ती घराण्यातून येते. अशांनी उगीच टोचून घेऊ नये, गोंदवून घेऊ नये. नुसतं कापलं तर बऱ्याचदा गाठ परत येते, आणि मोठी होऊन येते. म्हणून आधी थेट गाठीतच औषधाचं इंजेक्शन, काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा. गाठ मऊ पडेल, बसेल. मग गरज वाटलीच तर कापायचं, आणि कापल्यावरही इंजेक्शनं आणि पाळी दाबून धरणारी क्लिप. "टाइम लगेगा. और गारंटी मैं नहीं देती."

हे सांगता सांगता तिची नजर साळव्यांच्या कॉलरवर गेली. "और अंकल, ये?"

"अच्छा, ये?" साळव्यांचा चेहरा उजळला. "हुआ यूँ कि पैंसठ की लड़ाई में..."

"पिंपल था," अदितीनं सांगितलं.

डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहायला लागली. हसू लपवत असावी.

गाठीतलं इंजेक्शन फार दुखतं. टणक मांसात औषध शिरतच नाही, डॉक्टरला जोर लावावा लागतो. पहिल्या वेळी अदितीनं माझा हात असा आवळला की बांगडी वाकली. दुसऱ्या वेळी साळवे तिच्यापुढे स्टूल घेऊन बसले आणि सुई ट्रेमधून बाहेर येताच त्यांनी सुरुवात केली, की मेळघाटात आपल्या छातीवर अस्वल कसं बसलं होतं. अस्वल उठायच्या आत इंजेक्शन झालं होतं. त्यानंतर दर खेपेला नवीन गोष्ट. सिस्टर पुढच्या पेशंटला थांबवून ऐकायची.

गाठ हळूहळू मऊ पडली, मग आकसली. उरलेली कापून काढली, तेव्हा साळवेच क्लिप नीट बसलीय का ते रोज बेल वाजवून विचारायचे. आता पाळीमागे एक फिकट रेघ आहे. अदितीनं पुन्हा टोचून घेतलं नाही.

पण मला सांगायचंय ते गाठ बसायला लागली होती तेव्हाचं. हॉस्पिटलमधून आम्ही बसनं परत येत होतो. मी पुढच्या सीटवर होते, अदिती आणि साळवे मागे. अदिती म्हणाली, "काका, आता माझी खाज थांबली. आधी इतकी खाजायची ना, झोपच यायची नाही. तुमची खाजते?"

मला वाटलं, साळवे आता गोष्ट जुळवणार. मी मागे वळून पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"खाजते," ते म्हणाले. "उन्हाळ्यात फार. ओला पंचा ठेवून पडतो." मग म्हणाले, "हे कुणी विचारलं नव्हतं."

मी पुन्हा समोर बघायला लागले.

पुढच्या खेपेला त्यांच्या हातात स्वतःच्या नावाचा केसपेपर होता. तो त्यांनी मला मुद्दाम दाखवला नाही, लपवलाही नाही. इतक्या जुन्या गाठीचं फारसं काही होणार नाही, खाज मात्र कमी होईल, असं डॉक्टर म्हणाली, आणि पुढे झालंही तसंच. पण त्या दिवशी खुर्चीत बसताना ते घाबरले होते. कपाळावर घाम होता. छाती उघडी टाकून, डोळे मिटून बसले. एकही गोष्ट सुचली नाही त्यांना.

सिस्टर ट्रे घेऊन आली. ती नवीन होती, आम्हाला ओळखत नव्हती. केसपेपर बघत तिनं विचारलं, "साथ में कौन है?"

साळव्यांनी डोळे उघडले. "साथ में?" म्हणाले. "साथ में तो..."

अदिती स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली होती. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सिस्टरला म्हणाली, "मैं हूँ."