माकडटोपी पोलंडला जाते

ह्या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. जो ओळखेल त्याला माझी मिशी उतरवून देईन. हसू नका, हडपसरला लोक ह्या मिशीकडे वळून बघायचे. आख्खी पानाची टपरी चालवली मी तिच्या जिवावर (पान काय, कुणीही लावतं). तर लागली पैज.

सध्या मी आणि आमची बायको सुमन जपानात, ग्योतोकुला, मुलाकडे असतो. नात केतकी इथंच कॉलेजात आहे. ह्या फेब्रुवारीत तिचा सगळा वर्ग निघाला पोलंडला, क्राकुफ नावाचं जुनं शहर बघायला. बरोबर त्यांचे मास्तर, मिझुनो सेन्सेई. केतकीला त्यांनी ग्रुप लीडर केलेलं. पोरगी नुसती हवेत.

तिकडं थंडी अशी की नाक पुसायला गेलं तर नाकच हातात येईल, असं सोनल म्हणाली. सोनल म्हणजे सूनबाई. (ती इतकं बोलली नव्हती, थोडं मी घातलं.) म्हणून मी माझी चॉकलेटी माकडटोपी काढून दिली. केतकीनं ती दोन बोटांनी धरली, मेलेला उंदीर धरतात तशी.

"आबा, तिथं फोटो काढायचेत. आणि ह्या वेळी काही चाळे करायचे नाहीत. मी लीडर आहे."

मागं एकदा तिच्या डब्यात मी रबराची पाल ठेवली होती, ते ती अजून धरून बसली आहे. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. (शपथ पालीची होती. टोपीचं कुणी काही बोललं नव्हतं.)

आता इथली एक रीत सांगतो. इथं विमानाला जाताना बॅगा ओढत नेत नाहीत. आधीच कुरियरवाला दारातून बॅग उचलतो, ती थेट विमानतळावर भेटते. तर तो माणूस दारात कमरेत वाकून उभा, सोनल त्याच्यापुढं वाकतेय, तो परत वाकतोय. तेवढ्यात मी बॅगेची चेन उघडली, टोपीची गुंडाळी केतकीच्या बुटात कोंबली आणि चेन लावली. काही राहिलं का म्हणून सुमननं बॅग एकदा परत उघडून बघितली आणि लावली. बॅग गेली. मी हसत हसत चहाला बसलो, तिळाची वडी उचलली, आणि चावायला गेलो तर तोंडात चावायला काहीच नाही.

दुपारी झोपताना मी कवळी काढतो. पूर्वी वाटीत ठेवायचो. एकदा सुमननं वाटी कचऱ्यात रिकामी केली आणि दात हा जळणारा कचरा की न जळणारा (इथं दोन्हीचे वार वेगळे), ह्यावर घरात मीटिंग भरली. तेव्हापासून मी दात रुमालात बांधून टोपीत ठेवतो. कोण माकडटोपीला हात लावतंय.

आता बोलावं तर शपथ उघडी पडते, न बोलावं तर उपाशी. मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी केतकी गेली, आणि घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारा नातीच्या आठवणीनं मुका झाला. सोनलच्या डोळ्यांत पाणी. मुलगा ऑफिसमधून दोनदा फोन करून विचारायचा, बाबा काही बोलले का. आणि रथसप्तमी जवळ आलेली, हळदीकुंकवाचं घर, गुळाच्या पोळ्या अशा खुसखुशीत की मोडल्याचा आवाज शेजारी जावा. मी पेज पीत होतो. सुमन तर वडीची ताटली घेऊन मुद्दाम समोर बसायची. "घ्या की हो, पोरगी काय कायमची गेली नाही," म्हणायची आणि एक वडी स्वतःच कटकन तोडायची.

मग केतकीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर माकडटोपी, आत दोन डोळे आणि लाल नाक. मला इतकं बरं वाटलं की विसरून हसलो, आणि लगेच तोंडावर हात धरला.

"हात काढा आबा," ती म्हणाली. "मला सगळं कळलंय."

झालं होतं असं. हॉटेलात पोचल्यावर सगळा वर्ग बसायच्या खोलीत जमलेला. केतकी लीडर, म्हणून सगळ्यांसमोर उभी राहून बूट घालायला गेली. पाय जाईना. तिनं टोपी ओढली, रुमाल सुटला आणि माझे दात फरशीवर घरंगळत सेन्सेईंच्या पायाशी गेले. ते कुठून आले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सेन्सेई जपानी माणूस, सापडलेली वस्तू जिथल्या तिथं द्यायची हा धर्म. कुणी म्हातारं गिऱ्हाईक जेवायचं थांबलं असेल म्हणून त्यांनी दात दोन्ही हातांनी उचलले आणि काउंटरवर जमा केले. केतकी लाजेनं गप्प राहिली. उद्या वर्ग परत निघणार, तेव्हा कुठं आज तिनं कबूल केलं. आणि काउंटरवरची बाई म्हणते, मालक दाखवा, मगच वस्तू मिळेल.

"हे शहर फार जुनं आहे आबा. इथं ठेवले तर म्युझियममध्ये जातील. तोंड उघडा."

मी उघडलं. पडद्यावर ती जाडजूड बाई, तिच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये माझे दात. मागं सेन्सेई आणि सगळा वर्ग. बाई एकदा ट्रेकडं बघे, एकदा माझ्याकडं. मग मान हलवली. वरची हिरडी दिसत नाही म्हणाली, मिशी आडवी येते.

मी मिशी दोन्ही हातांनी वर धरली. सोनल टॉर्च मारत होती. मागून सुमननं माझं डोकं धरून मागं केलं, जनावराचे दात बघतात तसं. बाईनं दात केतकीला दिले. सगळा वर्ग माझ्याकडं बघून कमरेत वाकला. मी पण वाकलो, तोंड उघडंच.

"थँक्यू केतू," मी म्हणालो.

"थँक्यू काय? दात माझ्या हातात आहेत. मला सगळ्यांसमोर लाजवलंत. आता मिशी काढा, मगच दात मिळतील."

मी सुमनकडं बघितलं. म्हणलं, तू तरी सांग तिला.

"मी काय सांगू," सुमन म्हणाली. "बूट उचलला तेव्हाच आत खुळखुळलं होतं. मीच आणखी खोल ढकललं. एवढ्या वर्षांत तुम्हाला गप्प बसलेलं कधी बघितलं नव्हतं. छान दिसता." आणि कात्री आणायला गेली.

तर ओळखलात शेवट? ओळखला असेल तर पैज तुम्ही जिंकलात, मी शब्द मोडत नाही. पण मिशीला उशीर केलात. ती मंगळवारीच गेली, जळणाऱ्या कचऱ्यात.