स्वागताची तिसरी प्रत

लॅपटॉप सुरू केला की बायकोचा शिवणवर्ग आपोआप उघडला पाहिजे, असं मी ठरवलं. खरंच सांगतो, एवढंच ठरवलं होतं.

झालं असं की, बायकोने शनिवारी सकाळी दहा वाजता ऑनलाइन शिवणवर्गाचा पहिला तास ठेवला होता. तो फुकट. नऊ बायकांनी नावं दिली होती. त्यातल्या निदान सहाजणी टिकल्या तर वर्ग चालणार, नाहीतर मशीनवर पुन्हा चादर पडणार. मुलं मोठी होईपर्यंत बारा वर्षं ती चादर तिथेच होती. त्यामुळे ती आठवडाभर नीट जेवत नव्हती, आणि मला काहीतरी मदत करायची होती. (माझ्या मदतीला आमच्या घरात वेगळा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.)

"अगं, तू नुसता लॅपटॉप चालू करायचा," मी म्हणालो. "वर्ग आपोआप उघडेल आणि माझ्या आवाजात स्वागतही होईल."

"मशीनवर दोन्ही हात आणि दोन्ही पाय चालवते मी. एक बटण दाबता येईल मला."

"तू शिकवण्याकडे लक्ष दे. तांत्रिक बाजू माझ्यावर सोड."

तिने सोडली नव्हती, पण मी घेतली.

आमच्या जुन्या लॅपटॉपवर मेहुण्याने विंडोज काढून लिनक्स टाकून दिलंय. त्यात सुरुवातीला काय आपोआप चालावं, हे सांगायला सेटिंगमध्ये एक यादी असते. तिथे मी वर्ग उघडायचा आणि माझं रेकॉर्ड केलेलं स्वागत वाजवायचा हुकूम लिहिला. आता कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी आवक-जावक विभागातला कारकून. बावीस वर्षांत एकही कागद मी एका प्रतीत काढलेला नाही. एक साहेबांना, एक फायलीला आणि एक असावी म्हणून. तेव्हा दुसरी प्रत मी एका लपलेल्या फायलीत ठेवली, जी लॉगिन केलं की वाचली जाते.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊजी, नेट जोडायला जरा वेळ लागतो. हुकमाच्या आधी वीस सेकंद थांबायला सांगा."

वीस सेकंदांत कुठलं काम होतं? आमच्याकडे तेवढ्यात कपाटाची किल्लीसुद्धा सापडत नाही. म्हणून मी वीस मिनिटं लिहिली आणि ही तिसरी प्रत कामांच्या वेळापत्रकात नेऊन ठेवली. त्याला हे लोक क्रॉन म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी चाचणी घेतली. लॅपटॉप सुरू झाला, वर्गाच्या दोन खिडक्या उघडल्या आणि एकमेकांच्या मागे धावत दोन आवाज आले. "नमस्कार. नमस्कार. शिवणवर्गात शिवणवर्गात..."

मी घाबरून लॅपटॉप बंद करायचं बटण दाबून धरलं. बायको दारात उभी होती.

मेहुण्याला फोन लावला.

"किती आवाज आले, भाऊजी?"

"दोन."

"मग दोनच ठिकाणी असणार. काढून टाका."

काढले. लॅपटॉप परत सुरू केला. पाच मिनिटं चिडीचूप. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लॅपटॉप बंद केला. तिसरी प्रत कुणाच्या लक्षात नव्हती. ऑफिसातही ती कधी कुणाच्या लक्षात नसते.

शनिवारी तिने पावणेदहाला लॅपटॉप लावला आणि स्वतःच्या हाताने, एका बटणात, वर्ग उघडला. नऊच्या नऊ बायका आल्या. तिचा आवाज आधी जरा कापत होता, मग मोकळा झाला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे लॅपटॉप लावल्यापासून बरोबर विसाव्या मिनिटाला, ती खांद्याच्या मापावर आली, आणि माझा आवाज सुरू झाला.

"नमस्कार. शिवणवर्गात आपलं हार्दिक स्वागत."

इथे संपलं असतं तर निभावलं असतं. पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं, आणि त्यानंतर मी मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. चाचणीत तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो.

"शिकवेल रे ती उत्तम. फक्त मशीन उघडल्यावर पहिला शर्ट मला शिवलाय ना, त्याची डावी बाही लांब आहे. तिला सांगायची हिंमत नाही. ऑफिसात दुमडून बसतो."

माझ्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. बारा वर्षांनी उघडलेलं मशीन मी माझ्या तोंडाने बंद केलं होतं.

एका बाईने हळूच विचारलं, "ताई, कुठला शर्ट?"

"अहो," आतून हाक आली, "तो शर्ट घालून इकडे या."

मी गेलो. नऊ चौकटींतून नऊ बायका माझ्याकडे बघत होत्या. तिने टेप काढली. डावी बाही चोवीस, उजवी चोवीस. मग तिने माझे दोन्ही खांदे मोजले आणि मला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं.

"बाह्या बरोबर आहेत. ह्यांचा डावा खांदा पाऊण इंच उतरलाय, म्हणून बाही लांब वाटते. बावीस वर्षं खुर्चीत एकाच बाजूला कलून बसतात. पण चूक माझीच. ओळखीचा माणूस म्हणून एकच खांदा मोजला. तुम्ही नवऱ्याचेसुद्धा दोन्ही मोजा."

पलीकडे पेनं चालायला लागली. एकीने तर तिथल्या तिथे स्वतःच्या नवऱ्याला बोलावून मोजलं. तास संपायला अर्धा तास उशीर झाला.

संध्याकाळपर्यंत नऊही जणींनी नाव नक्की केलं. बायको मशीनवरच्या चादरीची घडी घालत होती, आणि तिचा चेहरा बघून माझे डोळे भरून आले. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. एकीने लिहिलं होतं, "ताई, सरांना दर वर्गाला बसवा. सरावासाठी इतके दोष एकाच अंगात मिळत नाहीत."

खाली बायकोचं उत्तर गेलेलं होतं. "नक्की. पुढच्या शनिवारी पोट घेऊ."