भाकरीपुरतं गोंदण

किसनभाऊ मालिका बघताना माणसांकडे बघत नाहीत, दारांकडे बघतात. नायिका भरल्या डोळ्यांनी सासर सोडून निघते, इकडे आमची आई नाक पुसते, आणि कुंपणापलीकडून भाऊंचा आवाज येतो, "आली बघा परत स्टोअररूममदी."

त्याचं कारण असं, की ते सासर म्हणजे कुसगावातला आमच्या शेजारचा बंगला. मालक मुंबईला असतात, बंगला शूटिंगला भाड्याने जातो, आणि भाऊ पंधरा वर्षं त्याची देखभाल करतात. मालिकेतलं मुख्य दार हे खऱ्या बंगल्यात गाद्या आणि पाण्याचे जार ठेवायच्या खोलीचं दार आहे. नायिका आतापर्यंत चार वेळा घर सोडून गेली. चारही वेळा ती आत गाद्यांवर बसून पंखा मागत होती, हे भाऊंनी स्वतः पाहिलेलं आहे.

मी कमी बोलते. घरून कंपनीचं काम करते, दुपारी पाय मोकळे करायला अंगणात येते, आणि कुणी भेटू नये अशी माझी इच्छा असते. भाऊंना ऐकणारं माणूस लागतं, त्यामुळे आमचं जमतं. त्यांच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून मी बऱ्याच कलाकृतींचे निकाल ऐकले आहेत.

बंगल्यात शूटिंग झालेल्या सिनेमाची प्रत ते फरशीवरून ठरवतात, कारण मागाहून ती त्यांनाच पुसावी लागते. एका लग्नाच्या सिनेमाला त्यांनी नापास केलं, कारण नवरदेवाने घोडी थेट व्हरांड्यात आणली. एका भुताच्या सिनेमाला आमची सगळी गल्ली घाबरली, भाऊ नाही. "भूत सोभावानं बरं हुतं," ते म्हणाले. "चहा तेवढा लय प्यायचं. पन कप सोताचा सोता धुवायचं."

खरा राग पेपरातल्या सिनेमाच्या पानावर. ते पान भाऊ रोज ओळ न ओळ वाचतात, आणि दर दोन ओळींनी त्यांचा एकच प्रश्न असतो, "हितं येऊन इचारलं का कुनाला?" नायक म्हणे पहाटे चारला उठून व्यायाम करतो. "हितं येऊन इचारलं का? धा वाजता मी तीनदा दार वाजवलंय त्याचं."

मागच्या महिन्यात भाऊ तो पेपर घेऊन आमच्या दारात आले. असं ते कधी येत नाहीत.

"ताई, पत्र लिवायचंय. संपादकाला."

त्या मालिकेच्या नायिकेची मुलाखत छापून आली होती. भूमिकेसाठी आपण महिनाभर एका खेड्यात राहून भाकरी थापायला शिकलो, असं तिने सांगितलं होतं. सोबत मालिकेतला फोटो होता. परात आणि दोन हात.

"हे हात तिचे न्हाईत," भाऊ म्हणाले. "पारूचे हायेत."

पारूमावशी म्हणजे त्यांची बायको. मालिकेच्या सुरुवातीला, मावशी इथेच राहत होत्या तेव्हा, शूटिंगच्या दिवशी नायिकेची भाकरी तीनदा फाटली. तेव्हा दिग्दर्शकाने मावशींना बोलावलं, नायिकेच्या बांगड्या त्यांना चढवल्या आणि कॅमेऱ्यात हात तेवढे घेतले. मावशींच्या मनगटावर फुलाचं गोंदण आहे. ते झाकायचं राहून गेलं.

"पुरावा हाय आपल्याकडं," भाऊ म्हणाले. "त्या बाईच्या हातावर भाकरी थापायपुरतं गोंदण येतं. जेवायला बसली की जातं. एवढ्या लोकांनी बगितलं, एकानं तरी इचारलं?"

त्यांना हवं होतं ते एवढंच, की त्याच पानावर पारूमावशींचं नाव छापून यावं. पूर्ण नाव, गावासकट.

मी त्यांच्या पायरीवर लिहायला बसले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठी पत्र 'महोदय'नंतर जरा लंगडतं. मी 'आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छिते' असं लिहिलं. त्यावरून आपण चिडलोय हे कळत न्हाई, असं भाऊंचं मत पडलं. त्यांनी 'खोटारडे' सुचवलं. मी त्याचं 'अनवधानाने' केलं. अर्ध्या तासात पत्र झालं, चिडलेलं आणि सभ्य.

"मावशींना विचारलंय ना?" मी म्हटलं.

भाऊ पेपराची घडी घालू लागले. विचारलं नव्हतं.

मावशी दोन वर्षांपासून परंदवडीला लेकीकडे आहेत. लेक आणि जावई दोघंही कारखान्यात जातात, नातू लहान आहे. नातवाला टाकून मावशींना येता येत नाही आणि बंगला टाकून भाऊंना जाता येत नाही. भाऊंनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी पत्र वाचून दाखवलं. पलीकडे नातू काहीतरी भांडं आपटत होता.

"नगं गं बाई," मावशी म्हणाल्या. "त्या पोरीचं पोट हाय त्याच्यावर."

"अगं, पन हात तुजे."

"हात माजे. रडली कोन? भाकरी थापताना मला रडाय जमलं असतं का? मला तर हसू आवरत नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "तुमी जेवलात का?"

"व्हय. जेवलो."

"काय जेवलात?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "भाकरी," ते म्हणाले.

त्यांच्या मागे पायरीवर अर्धी संपलेली पावाची लादी होती.

फोन ठेवल्यावर भाऊंनी पत्र चार घड्या करून खिशात घातलं. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "ताई, फोनवर जुने भाग दिसत्यात म्हनं. त्यातला तेवढाच तुकडा काडून देता यील का? बाईचं रडनं नगं."

मी काढून दिला. अकरा सेकंदांचा निघाला. परातीत पीठ, दोन हात, गोल फिरत मोठी होणारी भाकरी आणि शेवटी तवा. भाऊंनी फोन डोळ्यांजवळ धरला. ते दाराबद्दल बोलले नाहीत, फरशीबद्दलही नाही.

भाकरी तव्यावर पडली.

"आता दुसरी घील," ते हळूच म्हणाले.

तुकडा संपला आणि पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तीच भाकरी.